देखभालीचा खर्च कापल्याने पालिकेचे पैसे खरोखर वाचतात का?
वाचतात, पण माझ्या मते त्या एका अंदाजपत्रकापुरतेच. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहराने, कारभार राज्याने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती असताना, खर्च वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये डेट्रॉइटचे पाणी बंद करून स्थानिक नदीचे पाणी सुरू केले. मात्र जुन्या जलवाहिन्यांना गंजापासून जपणारे रसायन त्यात मिसळलेच नाही. परिणामी वाहिन्यांतले शिसे घरोघरच्या पेल्यांत उतरले. त्याच ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने, इंजिनाचे सुटे भाग गंजतात म्हणून, हे पाणी नाकारले होते (माणसांना मात्र ते आणखी वर्षभर पुरवले गेले). पुढे जलवाहिन्या बदलाव्या लागल्याच, शिवाय राज्य सरकार, शहर आणि इतरांना मिळून सुमारे ६२.६ कोटी डॉलरची भरपाई मान्य करावी लागली.