लॉकडाऊनमध्ये सुरू केलेला ऑनलाइन शिवणक्लास आता चालू ठेवावा की बंद करावा?

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला: २०२० साली घरचा शिवणक्लास बंद पडला, म्हणून ब्लाऊज शिकवणं फोनवर सुरू केलं. तेव्हा बॅचेस भरल्या, आता हजेरी गळते आहे. तरीही बाहेरगावच्या बायका विचारतातच, "ऑनलाइन घेता का?"

चालू ठेवा, पण २०२० ची पद्धत सोडा. तेव्हा सगळ्या घरात होत्या, मास्क शिवण्याच्या निमित्ताने धूळ खात पडलेली मशीनं बाहेर निघाली होती, क्लास कुठल्याही वेळी लावला तरी माणसं हजर. आज यूट्यूबवर 'कटोरी ब्लाऊज कटिंग' शोधलं की फुकटात ढीगभर व्हिडिओ मिळतात. व्हिडिओला कोणी पैसे देणार नाही, आणि का द्यावेत? पैसे मिळतात ते तपासणीचे. तिने कापलेला मुंढा (बाही जोडायची गोलाई) बघून "इथे पाव इंच कमी खोल घे" असं सांगणारं माणूस यूट्यूबवर नाही. सगळी मांडणी यावरूनच ठरवा.

म्हणून बॅच ८ ते १० जणींची, त्याहून मोठी नको. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटांनी मीटिंग तुटते, गूगल मीटवर ६० मिनिटांनी. ४० मिनिटं पुरतात, कारण एका बैठकीत एकच काम घ्यायचं: आज ब्लाऊजची पाठीची बाजू, उद्या समोरची बाजू, परवा बाही. कापणं आणि शिवणं त्यांनी नंतर करायचं आणि रात्री फोटो पाठवायचे. फोटो कसे हवेत हे पहिल्याच दिवशी सांगा: कापलेला भाग सपाट पसरून शेजारी टेप ठेवलेला एक, शिवण झाल्यावर उलट्या बाजूचा एक, अंगात घालून समोरून आणि बाजूने एकेक. टेप नसेल तर फोटो पुन्हा काढून मागवा. नुसत्या फोटोत पाव इंचाची चूक दिसत नाही.

आता कॅमेरा, कारण अर्धे ऑनलाइन क्लास इथेच फसतात. फोन टेबलाच्या बरोबर वरून, मागचा कॅमेरा खाली करून लावा. तुम्ही समोर बसून कापून दाखवलंत तर बघणारीचा डावा-उजवा उलटतो आणि हुकपट्टी चुकीच्या बाजूला लागते. तुमच्या डोळ्यांना जसं कापड दिसतं तसंच तिला दिसायला हवं. स्टँड मशीनच्या टेबलाला अडकवू नका, मशीन चालू झालं की चित्र थरथरतं. जमिनीवर उभा राहणारा घ्या. रेकॉर्डिंग करताना स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, नाहीतर हात मध्ये आला की फोकस आणि उजेड दर वेळी बदलतो. शिकवायला मांजरपाट आणि लाल दोरा, म्हणजे टाका दिसतो. गडद जरीच्या कापडावर काहीच दिसत नाही. मशीन चालू असताना बोलूही नका. अॅप तो आवाज दाबायला जातं आणि तुमचे शब्दही कापतं. आधी सांगा, मग शिवा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते माप. स्वतःचं माप स्वतः घेताना टेप पाठीमागे खाली सरकतो आणि छातीचं माप चुकतं. म्हणून दोन मापं मागवा: एक दुसऱ्या कोणीतरी घेतलेलं अंगाचं, दुसरं नीट बसणाऱ्या ब्लाऊजचं. ब्लाऊज हुक लावून सपाट पसरायचा, काखेखाली एका शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. दोन्हींत २ इंचांहून जास्त फरक आला तर कागद कापू देऊ नका, व्हिडिओ कॉलवर पुन्हा मोजून घ्या.

ड्राफ्टिंगची (कागदावर काढलेल्या मापाच्या आकृतीची) पीडीएफ पाठवत असाल तर पानावर २ इंचांचा एक चौकोन काढून ठेवा. झेरॉक्सवाला 'फिट टू पेज' करून छापतो आणि सगळं ड्राफ्ट गुपचूप लहान होतं. चौकोन मोजून २ इंच भरला तरच पुढे जायचं.

बाकी तक्रारी ठरलेल्या आहेत. "खालून दोऱ्याचा गुंता होतो" म्हटलं की सगळ्या बॉबिन काढून बसतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. मशीनचा फूट (कापड दाबणारा पाय) वर उचलून दोरा पुन्हा ओवायला सांगा. गळा उघडतो, कारण गोल भाग उरेब (तिरका कापलेला) असतो आणि हाताळताना ताणला जातो. कापल्याबरोबर कडेला एक साधी टीप मारून घ्यायची. बाहीला चुण्या येतात, कारण बाहीचा गोलावा मुंढ्यापेक्षा फार मोठा झालेला असतो. दोन्ही शिवणरेषेवर टेप उभा धरून मोजायचे. अर्धा ते एक इंच फरक ठीक, त्यावर नाही. अस्तर न भिजवता कापलं तर पहिल्या धुण्यात आकसतं आणि दोष तुमच्या शिकवण्याला लागतो.

जिने कधी मशीनवर पायच ठेवला नाही, तिला मात्र ऑनलाइन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. पाय आणि हात यांचा मेळ कॅमेऱ्यातून शिकवता येत नाही. तिला आधी गावातल्या एखाद्या ताईंकडे सरळ टीप मारायला शिकून यायला सांगा. जवळच्या मुलींसाठी मिश्र पद्धत बरी: ड्राफ्टिंग ऑनलाइन, फिटिंग रविवारी तुमच्या खोलीत.

फी आधी घ्या, हवी तर दोन हप्त्यांत. परदेशातल्या मराठी मुलींपैकी ज्यांचं एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांचं इथल्या बँकेतलं) खातं आहे, त्यांना अमेरिका, यूएई, सिंगापूर अशा काही देशांतल्या नंबरवरूनही यूपीआय वापरता येतं. बाकीच्यांची फी इथले नातेवाईक भरू शकतात. रेकॉर्डिंग यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवलं तर लिंक मिळणारा कोणीही बघतो, तेव्हा ती पुढे जाणार हे धरूनच चाला.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार आणि पॅनवर होते, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट सरकारी नाही. महाराष्ट्रात नुसत्या शिकवण्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, विद्यार्थिनी बेळगावची किंवा इंदूरची असली तरी. पण क्लाससोबत मांजरपाट, टेप, खडू असा किट विकत पाठवायचा मोह होतो, तिथे सांभाळा. माल दुसऱ्या राज्यात विकला की ही सूट सहसा लागू होत नाही, उलाढाल कितीही लहान असो. किट पाठवण्याआधी सीएला विचारा, किंवा सरळ यादी द्या. ते सामान कुठल्याही बाजारपेठेत मिळतं.