शेताचा एक मिलिमीटर: धुपीच्या मोजणीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात नागपूर जिल्ह्यातल्या काळ्या जमिनींच्या धुपीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले बरेच प्रश्न मोजणीवर आणि नकाशांवर होते. त्यातले पाच इथे घेतो आहे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करते. देशातल्या खराब झालेल्या जमिनीचा आकडा एका पुस्तकात 18.8 कोटी हेक्टर आहे, दुसऱ्यात 14.68, तिसऱ्यात 12 आणि चौथ्यात 9.64 कोटी. खरा कोणता? – विद्यार्थिनी, महाल

चारही आकडे अधिकृत कामांतले आहेत, पण प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजली आहे. 18.8 कोटी हा 1994 चा अंदाज. त्याचा नकाशा फार ढोबळ होता, त्यामुळे एखाद्या पट्ट्यात थोडी जमीन बिघडलेली असली तरी सगळा पट्टा रंगला जाई. पुढे 1:2,50,000 प्रमाणाचे मृदानकाशे हाताशी आले आणि आकडा 14.68 कोटींवर आला. 2010 मध्ये वेगवेगळ्या संस्थांची माहिती एकत्र करून दुबार मोजलेली जमीन वगळली, तेव्हा तो सुमारे 12 कोटी झाला. 9.64 कोटी हा इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने 2016 मध्ये काढलेल्या नकाशासंग्रहातला आकडा. तो 2011-13 च्या उपग्रह चित्रांवरून काढलेला असून देशाच्या क्षेत्रफळाच्या 29.32 टक्के भरतो. 2018-19 साठी तीच पद्धत वापरली तेव्हा तो 9.78 कोटींवर गेला.

एक चूक मात्र कृपा करून करू नका. 18.8 वरून 9.64 वर आला म्हणजे जमीन सुधारली, असं उत्तरपत्रिकेत लिहू नका. तुलना करायची तर एकाच पद्धतीच्या दोन वर्षांची करा. तशी केली तर आकडा वाढलेला दिसतो.

दरवर्षी देशातली 533 कोटी टन माती वाहून जाते, असं शाळेत शिकवत आलो. एवढी माती तोलली कुणी? – निवृत्त शिक्षक, उमरेड

सर, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारायला हवा होता. एवढी माती कुणीच तोललेली नाही. तोलली ती काही वाफ्यांतली माती, आणि ते काम आपल्या महाराष्ट्रात फार लवकर सुरू झालं. 1930 च्या दशकात सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्रात अपधाव (शेतावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी) आणि धूप मोजायचे वाफे आखले गेले. अवर्षणाच्या भागात पाणी आणि माती एकदमच हातची जातात, हे तिथल्या कृषितज्ज्ञांना आकड्यांत दाखवायचं होतं. 1942 मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा केला आणि बांधबंदिस्ती ही सरकारी योजना झाली, तिच्यामागे ही काही वर्षांची मोजणी होती.

अशा वाफ्यावर मी उमेदवारीच्या काळात काम केलं आहे. उताराच्या दिशेने लांबट वाफा असतो. बाहेरचं पाणी आत शिरू नये म्हणून त्याच्या कडेला पत्रे गाडलेले असतात आणि खालच्या टोकाला हौद असतो. पाऊस थांबला की हौदातल्या पाण्याची उंची घ्यायची, पाणी ढवळायचं, एका बाटलीत नमुना घ्यायचा, तो भट्टीत 105 अंशांवर वाळवायचा आणि उरलेली माती तोलायची. सगळी मेख ढवळण्यात आहे. रेती लगेच तळाशी बसते आणि बारीक चिकणमाती तरंगत राहते. हात आखडला तर बाटलीत माती कमी येते आणि कागदावर धूप कमी दिसते. मुसळधार पावसात हौद भरून वाहू नये म्हणून पाण्याच्या वाटेत खाचांची पट्टी बसवतात, म्हणजे ठरावीक हिस्साच हौदात येतो. त्यातली एक खाच पाल्यापाचोळ्याने तुंबली की त्या पावसाची मोजणी गेली.

स्वातंत्र्यानंतर 1950 च्या दशकात देहरादून, कोटा, उटी, बल्लारी, वासद, आग्रा, चंदीगड अशा ठिकाणी मृदसंधारणाची केंद्रं निघाली आणि वेगवेगळ्या मातीवरची मोजणी जमू लागली. 1965 मध्ये अमेरिकेतल्या विशमायर आणि स्मिथ यांनी वाफ्यांच्या हजारो नोंदींवरून धुपीचं सूत्र मांडलं. पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उताराची लांबी, उताराची तीव्रता, पीक आणि बांधबंदिस्ती यांचे आकडे एकमेकांना गुणायचे, की हेक्टरी टन मिळतात. आपल्याकडे त्यासाठी पावसाच्या माऱ्याचे नकाशे तयार झाले. 1983 मध्ये ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी 20 भूप्रदेशांतल्या धुपीच्या नोंदी, काही नद्यांचा गाळ, 36 नदीखोरी आणि 17 मोठ्या धरणांची पाणलोट क्षेत्रं यांवरून देशाचा हिशेब मांडला. तो आला 533.4 कोटी टन, म्हणजे हेक्टरी 16.35 टन.

म्हणजे वर्षाला एक मिलिमीटरहून थोडी जास्त माती. ट्रॉली तीन टनांची धरली तर दर हेक्टरी पाच ट्रॉल्यांहून जास्त. यातली 29 टक्के समुद्रात जाते, 10 टक्के धरणांत बसते, आणि 61 टक्के एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन पडते. हा तिसरा आकडा मुलांना जरूर सांगा. त्यातली बरीच माती खालच्या शेतात किंवा नाल्याच्या काठी पडलेली असते. वरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ती गेलेलीच असते.

हिंगण्याजवळच्या आमच्या एका शेताला वडील 'मोरंड' म्हणत. आता नांगर लागला की मुरूम वर येतो. जुन्या कागदांवरून धूप कळू शकते का? – शेतकरी

काही अंशी कळते. मला तर आपल्याकडचा सगळ्यात जुना पुरावा हाच वाटतो. काळी, मोरंड, खरडी, बरडी ही नावं इंग्रजी अमदानीतल्या बंदोबस्तात शेतसारा ठरवण्यासाठी वापरली जात. काळी खोल, बरडी उथळ आणि गोट्याची, मोरंड आणि खरडी या मधल्या. तो धुपीचा नकाशा नव्हता, पण मातीची खोली त्यात आपोआप नोंदली गेली. कागदावर मोरंड आणि आज बरडी, असं दिसलं तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र प्रतवारी करणाऱ्याची नजर, आणि मधे कुणी उकरलेला मुरूम, हेही तपासा.

खात्री करायची तर वरच्या धुऱ्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत एका रेषेत तीन खड्डे घ्या आणि मुरूम किती सेंटिमीटरवर लागतो ते लिहा. मी पाहिलेल्या अशा एका शेतात वर मुरूम 22 सेंटिमीटरवर होता आणि खाली मीटरभर खणूनही लागला नाही. खालच्या खड्ड्याच्या भिंतीत काळ्या मातीवर फिकट, भुसभुशीत मातीचा हातभर थर होता. तो वरूनच वाहून आला होता.

धुपीच्या सरकारी नकाशावर माझं शेत कुठल्या रंगात आहे ते बघून बांध घालावा का? – शेतकरी, सावनेर

नाही. 1976 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आपल्याच अमरावती रोडवर आहे, आणि राज्यवार धुपीचे नकाशे करण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण ते नकाशे 10 किलोमीटरच्या जाळीवर बेतलेले आहेत. एका ठिपक्यामागे 10,000 हेक्टर येतात. कुठल्या तालुक्यात आधी पैसा घालावा, हे त्यावरून ठरतं. 1:50,000 च्या नकाशातही एका चौरस सेंटिमीटरमध्ये 25 हेक्टर बसतात. शिवाय सूत्रावरच्या नकाशात पातळ थराची आणि बारीक चरांची धूप येते, मोठे ओघळ येत नाहीत. तुमच्या बांधाची जागा ओघळ आणि उतार ठरवतात. जोराच्या पावसानंतर शेतात जा आणि पाणी कुठे एकवटतं ते बघा.

संत्र्याच्या बागेत लोखंडी गज ठोकून धूप मोजता येते, असं ऐकलं. करून बघू का? – बागायतदार, काटोल

करा. गज जमिनीवर किती जास्त उघडा पडला, त्यावरून किती माती गेली ते कळतं. पण जमीन भारी काळी असेल तर जपून. ही माती पावसाने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ऑगस्टमध्ये गज बुडाल्यासारखा दिसेल आणि मे महिन्यात उघडा पडेल, माती एक कणही न हलता. एक मिलिमीटर माती म्हणजे हेक्टरी सुमारे 13 टन, तेव्हा असा फरक सगळा हिशेब बिघडवतो. खरडी किंवा मुरमाड जमिनीत ही अडचण फारशी येत नाही.

तुमच्याकडे गजापेक्षा चांगली खूण आहे: जुन्या झाडांची उघडी पडलेली मुळं. बुंध्यालगतच्या मुळाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत पट्टीने मोजा आणि झाडाच्या वयाने भागा. 15 वर्षांच्या झाडाशी 3 सेंटिमीटर मूळ उघडं असेल तर वर्षाला 2 मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी 26 टन. मूळ स्वतः जाड होऊन वर येतं, म्हणून हा आकडा थोडा फुगलेला धरा. जिथे आळं केलंय किंवा बुंध्याला माती चढवलीय ती झाडं सोडा. वरच्या, मधल्या आणि खालच्या ओळीतली मिळून 20 झाडं घ्या. गज ठोकलेच तर त्यांची उंची दरवर्षी मे महिन्यात, माती पूर्ण सुकलेली असताना, वखरणीच्या आधी त्याच आठवड्यात घ्या.