दहा मिनिटांत बरं वाटलं, तरी आजच दाखवा

"ताई, परवा सकाळी भाकरी थापताना सासूबाईंचा उजवा हात एकदम लुळा पडला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, बोलणं बोबडं. दहा मिनिटांत सगळं ठीक. त्या म्हणतात, पित्त असेल; मुलाला सांगू नकोस, उगाच खर्च. शपथच घातली आहे. काय करू?"
– एक सून, बार्शी

शपथ मोडा. आज, आत्ता. यजमानांना सांगा आणि तिघं मिळून डॉक्टरांकडे जा.

पित्तानं तोंड वाकडं होत नाही, हात लुळा पडत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि सुटली, अशी दाट शंका येते. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. नंतर लकव्याचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त असतो, पण पुढेही टळलेला नसतो. म्हणून "आता बरं आहे ना" याला अर्थ नाही. सीटी किंवा एमआरआय, ईसीजी, मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, बीपी, साखर यांतून कारण कळतं आणि औषधानं पुढचा झटका पुष्कळदा टाळता येतो. बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडली होती का, तेही विचारा. मिश्री लावत असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका.

सासूबाई खर्चाचं नाव घेतात, पण मला वाटतं त्यांना भीती अंथरुणाला खिळण्याची आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. "मला रात्रभर झोप नाही, माझ्यासाठी चला" असं म्हणा. सुनेनं चुगली केली असं त्यांना वाटेल, दोन दिवस अबोला धरतील. धरू द्या. तुम्ही जे पाहिलंत ते घरात दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा डॉक्टरांना तुम्हीच सांगा: कोणता हात, किती वाजता, किती वेळ.

पुन्हा असं झालं तर त्यांना हसायला सांगा, दोन्ही हात वर धरायला लावा, एक वाक्य बोलायला सांगा. एकही गोष्ट बिघडलेली दिसली, किंवा अचानक दिसेनासं झालं, तोल गेला, तर 108 लावा. त्या शेवटच्या धडधाकट कधी होत्या ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे तिथून साडेचार तासांच्या आतच देतात. पाणी पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. ॲस्पिरिनही घरी देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटीशिवाय कळत नाही. तेल चोळण्यात किंवा लकव्याच्या गावठी औषधापायी तास घालवू नका. तुमच्या जवळ सीटी आणि हे इंजेक्शन रात्रीही मिळेल असं हॉस्पिटल कोणतं, ते आजच विचारून नंबर फ्रीजवर चिकटवा.