खिद्रापूरला जायचंय, गावात कुणाशी बोलू?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात एमएला आहे, प्रोजेक्टसाठी तिथलं कोपेश्वर हे शंकराचं मंदिर घेतलंय. एक दिवस पुरेल का, आणि गावातली माणसं बोलतील का?

उत्तर : अगं एका दिवसात नुसते फोटो होतील बघ. स्वर्गमंडपाचे, म्हणजे मंदिरापुढच्या मंडपाचे, ४८ खांब मोजण्यातच दुपार जाते, वर छताला गोल मोकळं आभाळ, शिवाय यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेख आहे तो सावकाश वाचायचा. आणि गावात शिरल्या शिरल्या रेकॉर्डर काढू नकोस हं! आधी चहा घे, म्हाताऱ्यांना विचार की इथं समोर नंदी का नाही, मग दक्षयज्ञ, सती, कृष्णेपलीकडच्या यडूर गावातला नंदी, सगळं आपोआप निघतं, थांबवावं लागतं. जवळचं जैन मंदिरही बघ. पावसाळ्यात मात्र नको, कृष्णेला पूर असतो.