बाळंतपणाच्या पिशवीत काय भरू?

प्रश्न : ताई, आठवा संपत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, साताऱ्याला. आई म्हणते जुन्या साड्या पुरतील, नणंद म्हणते पोटाचा पट्टा घेच. नेमकं काय नेऊ?

उत्तर : तीस वर्षं प्रसूतिकक्षात नर्स होते, म्हणून आधी कागद सांगते. आधार, माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, बँकेचं पासबुक, सगळं एकाच पाकिटात. सरकारी दवाखान्यात जाणार असलीस तर बाळंतिणींच्या रुग्णवाहिकेचा 102 नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये हवा.

आईचं ऐक. धुऊन उन्हात वाळवलेल्या जुन्या सुती साडीइतकं मऊ बाळाला गुंडाळायला दुसरं काही नाही. नवी झबलीही धुऊनच घाल, त्यांना खळ असते.

तुला पुढून उघडणारे तीन सैल गाऊन. परकर मात्र नको गं! सिझर झालंच तर नाडी नेमकी टाक्यांवर बसते. पहिल्यांदा उठून उभं राहताना एका हाताने नाडी सैल करत कळवळणाऱ्या कितीतरी मुली मी धरल्या आहेत. बेंबीपर्यंत येणाऱ्या सुती निकर घे, एक माप मोठ्या. मोठ्या पॅडची दोन पाकिटं. अंगावरून जाणं सहा आठवड्यांपर्यंत चालू शकतं, पण तासाभरात पॅड भिजून गेलं तर तिथल्या तिथे सिस्टरला सांग, लाजू नकोस. घरी असलीस तर तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी 108 लाव.

पट्टा डॉक्टरांना विचारून, आणि सैलच. आवळून बांधल्याने पोट आत जात नाही.

बाळाची कानटोपी, पायमोजे सगळ्यात वर ठेव. ते पहिल्या पाच मिनिटांत लागतात.