बाबांना आधी कल्टारचं विचार

देवगडच्या पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. टीवायला बॉटनी, ट्रेनिंगमध्ये प्लेटमधली रोपं बघितलीस, औषधाचा डोस वाढेल तशी खुजी होत गेलेली आणि मधेच एक मात्र ताठ उभं, ते काही डोक्यातून जात नाहीये, आणि बाबा म्हणतात रोपं मोजून कोणाचं पोट भरतं, बीएड कर. मग या संशोधनाच्या लाईनला यावं का, असं विचारतेस.

बाबांना विचार, आंब्याच्या कलमांना कल्टार कशाला घालता? पावसाळ्यात बुंध्याभोवती ओततात ते पॅक्लोब्युट्राझोल झाडात जिबरेलिन, म्हणजे वाढ करणारं संप्रेरक, बनायची साखळी मधेच अडवतं, म्हणून पालवीचा जोर कमी होतो आणि मोहोर धरतो. तू बघितलंस ते हेच गं, फक्त बोटभर रोपावर.

आता घरीच करून बघ. एकाच पिशवीतलं भात, सारखे ट्रे, एका डोसचे निदान तीन, एका सेटला नुसतं पाणी, बाकीच्यांना कल्टारचे आधीच्या दहापट असे चढते डोस (हातमोजे घाल, स्वयंपाकातली भांडी अजिबात नकोत). दहाव्या दिवशी तरवा उपटायचा, मूळ वेगळं शेंडा वेगळा, पट्टीवर मिलिमीटरमध्ये. पाण्यातल्या रोपाच्या निम्मी उंची कुठल्या डोसला भरते तो आकडा काढ, पुढे दोन जातींची तुलना करायची तर ती त्याच्यावर होते, 'ही जात जरा तग धरते' एवढ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि सगळ्यात खुज्या डोसचा एक जादा सेट ठेव, त्यात बरोबर जिबरेलिक अॅसिडही घाल. उंची परत आली तर अडलं होतं ते तिथेच, नाही आली तर औषधाने रोपाला दुसरंच काहीतरी केलंय. हा जादा सेट ज्याला मनापासून लावावासा वाटतो त्याने या लाईनला यावं असं मला वाटतं.

पोटाचं म्हणशील तर पुसा बासमती १९७९ आणि १९८५ इमॅझेथापायर मारलं तरी तगतात, कारण ते तणनाशक ज्या एन्झाईमवर बसतं त्याचं जीनच बदललेलं आहे. असाच बदल तणात झाला की फवारणी फुकट जाते, त्यामुळे बियाणं कंपन्या, तणनाशक कंपन्या, जबलपूरचं तण संशोधन संचालनालय, सगळीकडे हे मोजणारी माणसं लागतात. गॅट-बी किंवा सीयूईटी पीजी ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा देऊन प्लांट बायोटेक नाहीतर फिजिओलॉजीकडे जा, मग सीएसआयआर नेट. त्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७ हजार, पण पीएचडीला पाचेक वर्षं जातात आणि नंतर पर्मनंट नोकरीला वेळ लागतो, हे बाबांपासून लपवू नकोस. बीएड दोन वर्षांनीही करता येतं.

तरवा उपटायच्या दिवशी त्यांनाच पट्टी धरायला बसव आणि आकडे मला पाठव.