छप्पर अर्धंच गेलं, इन्शुरन्समधे बसतं का? तुमचे प्रश्न

जून ते ऑक्टोबर माझ्या फोनवर एकच रेकॉर्ड वाजत असते, सर वरून पाणी येतंय, इन्शुरन्समधे बसेल का. मी लायसन्सवाला सर्व्हेअर होतो, म्हणजे क्लेम आला की नुकसान बघून विमा कंपनीला रिपोर्ट देणारा. नाशिक आणि आजूबाजूच्या तालुक्यांतली पत्र्याची, कौलाची, स्लॅबची घरं शिडी लावून बघितलीत, आता गुडघे शिडीला नाही म्हणतात म्हणून लोकांचे कागद बघतो. खालची उत्तरं मुख्यतः भारत गृह रक्षा पॉलिसीला धरून आहेत, १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ही स्टँडर्ड पॉलिसी आली आणि बहुतेकांच्या हातात आता हीच असते. तुमची जुनी किंवा वेगळी असेल तर आधी कपाटातून ती काढा, माझं ऐकून भांडायला जाऊ नका.

इंदिरानगरहून एक ताई : आमचा टॉप फ्लोअर, तीन पावसाळे झाले बेडरूमचा स्लॅब गळतोय, पीओपी फुगलं. क्लेम होईल का?

नाही. गळणं वेगळं, फुटणं वेगळं. वादळ, पूर, आग, वीज, भूकंप, झाड किंवा गाडी आदळणं, पाण्याची टाकी फुटणं किंवा ओसंडणं, असं काहीतरी एका दिवशी घडलं पाहिजे. तीन वर्षं हळूहळू झिरपतंय म्हणजे वॉटरप्रूफिंग संपलं, आणि तो मेंटेनन्स झाला. पण ताई तुमचा प्रश्न चुकीच्या दारात आलाय. सहकारी सोसायटी असेल तर आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत स्पष्ट आहे, गच्चीतून पावसाचं पाणी गळून टॉप फ्लोअरचं सिलिंग आणि प्लास्टर खराब झालं तर ते सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. 'तुमचं घर तुम्ही बघा' म्हणणाऱ्या सेक्रेटरीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अपार्टमेंट कायद्याखाली रजिस्टर असाल तर डीड, म्हणजे इमारतीचा नोंदणीचा दस्त बघावा लागेल, तो एखाद्या वकिलाला दाखवा.

दिंडोरी : व्हॉट्सॲपवर आलंय की १५ टक्क्यांपेक्षा कमी नुकसान असेल तर विमा कंपनी काहीच देत नाही. आमचे चारच पत्रे गेलेत.

हा मेसेज मला दरवर्षी कोणी ना कोणी पाठवतंच. १५ टक्क्यांचा आकडा सरकारी मदतीचा आहे, आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात अंशतः पडझडीला किमान १५ टक्के नुकसान लागतं, मग पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. तलाठी पंचनामा करतो तो त्यासाठी. विम्यात अशी टक्क्यांची अट नाही. चार पत्रे गेले तर चार पत्र्यांचा क्लेम. फक्त तुमच्या पॉलिसीत सुरुवातीची काही रक्कम स्वतः सोसायची अट आहे का ते बघा, नाहीतर क्लेमपेक्षा रिक्षाभाडं जास्त व्हायचं. आणि पंचनाम्याची कॉपी घेऊन ठेवा, सर्व्हेअरला कामी येते, पण तो झाला म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही.

अंबड : परवाच्या वाऱ्यात चौदा पैकी सहा पत्रे उडाले, एक अँगल वाकला. कंपनीला फोन केला, अजून कोणी आलं नाही. घरात पाणी येतंय. मिस्त्री म्हणतो उद्याच नवीन टाकून देतो, वाकलेले पत्रे भंगारवाला न्यायला तयार आहे. करू का?

थांबा. भंगारवाल्याला आधी गेटच्या बाहेर काढा.

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझ्या बघण्यातले निम्मे क्लेम कंपनीने नाही, भंगारवाल्याने मारलेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर आलं, आपल्याकडे येईपर्यंत जोर उतरलेला होता तरी पत्र्यांच्या घरांचं व्हायचं ते झालं. त्यानंतर एका घरी गेलो, लॉकडाऊनचे दिवस, पोचायला चार दिवस लागले. बघतो तर छप्पर नवंकोरं, खाली चहाचा कप, आणि घरमालक अभिमानाने सांगतात साहेब तुमची वाट बघत बसलो नाही. जुने पत्रे कुठेत? विकले. फोटो? काढायचे राहिले. मिस्त्रीचं बिल? वहीच्या कागदावर, त्यावर तारीख नाही. आता मी रिपोर्टमधे काय लिहायचं? माणूस खरं बोलत होता हे मला शेजाऱ्यांच्या तोंडावरून कळत होतं, पण रिपोर्टमधे शेजाऱ्याचं तोंड जोडता येत नाही ना. त्यांना मिळायला पाहिजे होतं त्याच्या पाव पण मिळालं नाही, आणि ते विकलेल्या पत्र्यांचे किती आले होते म्हणाल तर एका वेळचा किराणा.

उडालेल्या पत्र्याला भोकं असतात, जे-हुक, म्हणजे पत्रा अँगलला धरून ठेवणारा हुक, जिथून उपटला तिथे पत्रा फाटलेला असतो. वाऱ्याने उचललेला पत्रा एका बाजूने मुडपतो, गंजून गेलेला पत्रा चुरा होतो. सर्व्हेअर हेच बघायला येतो, वादळाने गेलं की गंजाने. तो पुरावा तुम्ही किलोवर विकून टाकता आणि मग म्हणता कंपनी चोर आहे.

याच्या उलट दुसरी जमात, कोणीतरी सांगितलेलं असतं की सर्व्हेअर येईपर्यंत हात लावायचा नाही, मग आठ आठ दिवस घर उघडं ठेवतात, टीव्ही भिजतो, गाद्या कुजतात. हेही चूक. पुढचं नुकसान टाळायला जे शक्य आहे ते करणं ही पॉलिसीतच तुमची जबाबदारी आहे. पहिल्या रात्री छप्पर फुटून टीव्ही भिजला तर तो त्याच घटनेच्या क्लेममधे मागता येतो, आठवड्यानंतरच्या पावसात भिजला तर कंपनी विचारणारच की ताडपत्री का नाही घातली.

तर आज तुम्ही काय करायचं, आधी मोबाईलवर फोटो आणि व्हिडिओ, खालून, वरून, शेजारच्या गच्चीवरून, पत्रा जिथे जाऊन पडला तिथला पण. मग ताडपत्री बांधा, तिचं आणि दोरीचं बिल ठेवा. उडालेले पत्रे, वाकलेला अँगल, हुक सगळं अंगणात एका कोपऱ्यात. कंपनीला फोन केलाय ना, आता तेच ईमेलवर लिहा आणि क्लेम नंबर मागा, नंबर मिळाला नसेल तर तुम्ही कळवलंच नाही असं समजा. आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या, २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, त्याचा रिपोर्ट १५ दिवसांत आणि रिपोर्ट आल्यावर ७ दिवसांत निर्णय, हे ईमेलमधे लिहाच, लिहिलं की फाइल हलते. अगदीच थांबणं शक्य नसेल, घरात लहान मूल आहे, म्हातारं माणूस आहे, तर कंपनीला ईमेल करून विचारा की आम्ही तातडीने दुरुस्ती करतोय, जुना माल ठेवतोय, परवानगी द्या. आणि मिस्त्रीला पत्रे लावायच्या आधी कोटेशन द्यायला सांगा, सहा पत्र्यांचं वेगळं, अँगलचं वेगळं, मजुरी वेगळी. उरलेले आठ पत्रे ढिले झालेत का हे मिस्त्रीने नाही, स्ट्रक्चरवाल्या इंजिनिअरने लिहून दिलं तर त्याला वजन. त्याची फी क्लेमच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि मलबा हलवायचा खर्च २ टक्क्यांपर्यंत पॉलिसी देते, मागितल्याशिवाय कोणी आठवण करून देत नाही.

सातपूर : सिमेंटचे पत्रे फुटले. आता सगळीकडेच कलर कोटेड टाकायचेत, फरक कंपनी देईल?

नाही. होतं तसं करून द्यायचा खर्च मिळतो, होतं त्याहून भारी करायचा नाही. फरक तुमच्या खिशातून, आणि न फुटलेल्या भागाचाही. बिलात दोन्ही वेगळं लिहून घ्या.

गंगापूर रोड : फ्लॅट ६५ लाखांना घेतला. एजंट म्हणतो ६५ लाखांचाच विमा काढा नाहीतर क्लेम कापतील.

एजंटला म्हणावं ६५ लाखांत जमिनीची किंमत पण आली, आणि जमीन जळत नाही. घराचा विमा परत बांधायच्या खर्चावर निघतो, कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर. समजा ७०० स्क्वेअर फूट आणि दर २,५०० धरला तर साडेसतरा लाख. दर तुमच्या भागातल्या आर्किटेक्टला विचारा, बिल्डरला नाही. 'कमी काढला तर कापतील' हे जुन्या पॉलिसीतलं ऐकीव आहे, भारत गृह रक्षात त्या कारणाने क्लेम प्रमाणात कापत नाहीत. पण म्हणून मुद्दाम कमी लिहू नका, सगळं घर पडलं तर लिहिलेल्या रकमेच्या पुढे कोणी जाणार नाही. घरातलं सामान आपोआप इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत धरलेलं असतं.

नाशिकरोड : होमलोनच्या वेळी बँकेने इन्शुरन्सचे पैसे कापलेत, म्हणजे छप्पर त्यात आलंच ना?

पॉलिसी वाचली का? कोणीच वाचत नाही. बऱ्याच वेळा ते पैसे कर्जदाराच्या आयुष्याच्या विम्याचे असतात, म्हणजे तुम्ही गेलात तर कर्ज फिटेल, पत्रा गेला तर काही नाही. सही घेताना टेबलापलीकडचा माणूस 'सर हे कंपल्सरी आहे' एवढंच म्हणतो आणि तुम्हीही कर्ज मंजूर होतंय म्हणून पेढे वाटायच्या मूडमधे असता. उद्याच ब्रँचला जाऊन पॉलिसीची पूर्ण कॉपी मागा, नुसतं सर्टिफिकेट नको. इमारतीचीच निघाली तर बँकेचं नाव त्यात आहे का बघा, असेल तर क्लेमचे पैसे बँकेमार्फत येतात आणि बँकेचं पत्र लागतं. मग मला दाखवा.

निफाड : गारांनी सोलर पॅनल फुटले.

इमारतीच्या व्याख्येत सोलर पॅनल येतात. वादळासोबतच्या गारा असतील तर क्लेम टाका. पॅनल पॉलिसीनंतर बसवले असतील तर कंपनीला कळवलं होतं का ते आधी बघा.

पंचवटी : आजोबांचा वाडा, दोन भाडेकरू, परवाच्या पावसात मागच्या खणाचं कौलारू छप्पर बसलं, एक तुळई मोडली. मनपाची धोकादायक इमारतीची नोटीस आधी आली होती. विमा मागच्याच वर्षी काढलाय. नोटिशीचं सांगू का?

सांगा. सर्व्हेअर मनपात विचारतोच, त्याला जुन्या नाशकातले वाडे पाठ असतात. विमा काढण्याआधी नोटीस हातात होती आणि ती लपवली असेल तर गोष्ट नाजूक आहे, नंतर आली असेल तर वेगळी. कुजलेली तुळई पावसाच्या वजनाने मोडली की वादळाने छप्पर उचललं यावर सगळं फिरणार, आणि हे मी इथे बसून सांगणार नाही, कोणी फोनवर सांगत असेल तर त्याचंही ऐकू नका. आधी त्या खणाखालून माणसं हलवा, भाडेकरूंशी वाद असला तरी. मग स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि वकील, दोघंही, क्लेम फॉर्म भरायच्या आधी.

सिडको : वॉटरप्रूफिंगवाला दारावर आला होता. म्हणतो गच्चीचं काम फुकटात करून देतो, फक्त वादळात तडे गेले असं लिहा, बाकी इन्शुरन्सचं मी बघतो.

त्याला चहासुद्धा देऊ नका. खोटा क्लेम पकडला की त्या क्लेमसोबत पॉलिसी पण जाते, आणि सही तुमची असते, त्याची नसते. हवामान खात्याची त्या तारखेची नोंद मागवायला सर्व्हेअरला वेळ लागत नाही. असले लोक मे महिन्यात डांबराच्या डब्यासारखे सगळीकडे दिसतात आणि जुलैत फोन उचलत नाहीत.

गच्चीवर नंतर शेड टाकलंय, परवानगी नाही. चालेल?

कार्पेट एरिया १० टक्क्यांपेक्षा वाढला आणि जास्तीचा प्रीमियम भरला नाही तर वाढलेला भाग पॉलिसीबाहेर. परवानगीचं मनपाच्या नोंदणीकृत आर्किटेक्टला विचारा.

जीएसटी माफ झाली ना विम्यावरची?

वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावरची. घराच्या विम्यावर १८ टक्के आहे.

देवळाली : क्लेम नाकारला, पत्रात फक्त 'वेअर अँड टेअर', म्हणजे जुनं होऊन झिजलं, एवढंच. आता कोर्टात जाऊ?

कोर्टाची घाई कशाला. सर्व्हे रिपोर्टची कॉपी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, एक महिना द्या, उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्यासाठी पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. कंपनीचं शेवटचं पत्र आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं आणि लोक नेमके तेराव्या महिन्यात माझ्याकडे येतात. तुमच्या पत्रावर तारीख काय आहे ते आजच बघा आणि कागद कोणा जाणकाराला दाखवून मगच तक्रार लिहा, रागात लिहिलेली तक्रार वाचून हसू येतं, निकाल येत नाही.

मखमलाबाद : पत्र्यांवर दगड ठेवलेत, क्लेमला अडचण येईल का?

दगड काढा, जे-हुक मारा. तो दगड उडून शेजाऱ्याच्या गाडीवर पडला तर त्याची भरपाई तुमच्या घराच्या पॉलिसीत नाही.